कुऱ्हाडीचा तुंबा आणि कलम ११८

गावात अजून सगळे जुन्याच आकड्यांत बोलतात. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मारहाण झाली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असायचा, "तीनशे सात लागलं का?" टाके किती पडले, हात कुठे मोडला, हे त्यानंतर. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, खुनाच्या प्रयत्नाच्या तीनशे सातचं एकशे नऊ झालं, हत्याराने गंभीर दुखापतीच्या तीनशे सव्वीसचं एकशे अठरा झालं, पण चावडीवर कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. तीनशे सात लागलं म्हणजे न्याय झाला, नाही लागलं म्हणजे पोलिसांनी पैसे खाल्ले, असा सरळ हिशेब. हा हिशेब किती चुकीचा आहे ते मला दादांच्या केसमध्ये कळलं. ते सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं, कारण अशी वेळ आलेल्या घरात पहिल्या रात्री सांगणारं माणूस सहसा कुणी नसतं.

भांडण बांधाचं. मराठवाड्यात याहून वेगळं काय असणार! मृगाच्या आधी शेत तयार करायची घाई, त्यात दादांच्या चुलतभावाने, म्हणजे आमच्या नानांनी, ट्रॅक्टरने बांध कोरायला सुरुवात केली. दादा आणि माझा धाकटा भाऊ अडवायला गेले. नाना आणि त्यांची दोन मुलं समोर. शिवीगाळ झाली, झटापट झाली. थोरल्याने ट्रॅक्टरवरची कुऱ्हाड उचलली, धाकट्याने खोऱ्याचा दांडा. दादांच्या डोक्यात एक घाव बसला आणि डाव्या हातावर दांडा. भावाला लाथाबुक्क्या. आई धावत आली तर तिला "तुलाबी इथंच गाडीन" अशी धमकी. सगळं काही मिनिटांत आटोपलं.

माझं तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान आहे. फोन आला तशी शटर ओढून मी ग्रामीण रुग्णालयात गेले. दादा शुद्धीवर होते, बोलत होते, डोक्याला बांधलेला गमछा रक्ताने ताठ झाला होता.

पुढे जे घडलं त्यावर सगळी केस उभी आहे, म्हणून ते जरा सावकाश सांगते. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी जखमेभोवतीचे केस कापले, पाण्याने जखम धुतली आणि टाके घालायच्या आधी बॅटरी आणि भिंग घेऊन बराच वेळ पाहत राहिले. जखम सरळ रेषेत होती, पाच सेंटिमीटर लांब, हाडापर्यंत खोल. कुणालाही वाटावं की धारेनेच चिरली आहे. डॉक्टरांनी मात्र लिहिलं: फाटलेली जखम, कठीण व बोथट वस्तूने. माझा भाऊ तिथेच उसळला. "साहेब, कुऱ्हाडीने मारलंय डोळ्यांदेखत, आणि तुम्ही बोथट लिहिताय?"

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं, भिंग हातात दिलं आणि म्हणाले, "बघा, कडा ठेचलेल्या आहेत. आत खोलवर बारीक धागे आडवे गेलेत, ते तुटलेले नाहीत. केसांची मुळं कापलेली नाहीत, चेंगरलीत. डोक्याला कातडीखाली लगेच हाड असतं, म्हणून बोथट फटक्यानेही कातडी अशी सरळ फाटते. पात्याने लागलं असतं तर हे धागे राहिलेच नसते." मग त्यांनी दादांना विचारलं, "बाबा, कुऱ्हाडीची कोणती बाजू लागली?"

दादा म्हणाले, "तुंबा. त्यानं पातं उलटं धरलं होतं."

तुंबा म्हणजे कुऱ्हाडीची मागची जाड, बोथट बाजू. शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको, खुंट्या ठोकायला तीच वापरतात. डॉक्टरांनी जे पाहिलं आणि दादांनी जे सांगितलं ते तंतोतंत जुळलं.

थोड्या वेळाने ठाण्यातून हवालदार जबाब घ्यायला वॉर्डातच आले. सोबत गावातली चार जाणती माणसं होती, आणि त्यांच्याकडे सल्ले तयार होते. एकजण म्हणाला, "तुंबा-बिंबा काही सांगू नका, नुसतं कुऱ्हाड म्हणा." दुसरा म्हणाला, "तिघांनी काय होतंय? नानाच्या मेव्हण्याचं आणि जावयाचं नाव घाला. पाच झाले की दंगल बसते." सल्ला हवेतला नव्हता. बेकायदेशीर जमावाला कायद्याने किमान पाच माणसं लागतात, आणि जमावात कुणी घातक हत्यार घेऊन दंगल केली तर कलम १९१(३) खाली शिक्षा ५ वर्षांपर्यंत जाते, साध्या दंगलीला २ वर्षं आहे. गावोगावच्या फिर्यादींत बरोबर पाच-सहा नावं का असतात, त्याचं कारण हे. मेव्हणा त्या दिवशी पुण्यात होता. दादांनी पट्टी बांधलेलं डोकं हलवून नाही म्हटलं. "तिघं होते, तिघंच लिहा."

हवालदारांनी जबाब लिहिला: "कुऱ्हाडीने डोक्यात मारून जखमी केले." फिर्याद लिहून झाल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवायची आणि मगच सही घ्यायची, हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ चा नियम आहे. मी वाचून दाखवायला सांगितलं आणि त्या वाक्यात 'तुंब्याने' हा शब्द घालून घेतला. हवालदार म्हणाले, "ताई, तुम्हीच केस हलकी करताय." मी म्हटलं, "घडलं ते लिहा, साहेब." त्यांनी लिहिलं. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, तीही त्याच रात्री मागून घेतली.

पहिल्या दिवशीची कलमं होती दुखापतीची ११८(१) आणि ११५(२), शिवीगाळीचं ३५२, धमकीचं ३५१(२) आणि समान उद्देशाचं ३(५). कायद्याची आकडेमोड मला आमच्या वकीलसाहेबांनी दुसऱ्या दिवशी कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारून समजावली, आणि तेवढ्या रेघांत सगळं आलं. एका बाजूला जखम, दुसऱ्या बाजूला हत्यार. साधी दुखापत, हत्यार नाही: कलम ११५(२), १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलिस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत, ठाण्यात नुसती नोंद, एनसी, फाडून हातात देतात. तीच साधी दुखापत धोकादायक हत्याराने केली तर ११८(१): ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, दखलपात्र आणि अजामीनपात्र. गंभीर दुखापत हत्याराशिवाय: ११७(२), ७ वर्षांपर्यंत, दखलपात्र पण जामीनपात्र. गंभीर दुखापत धोकादायक हत्याराने: ११८(२), किमान १ वर्ष, पुढे १० वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत, अजामीनपात्र.

मी तो कागद दोनदा वाचला. म्हणजे मुठीने मारून कुणी हाड मोडलं तर गुन्हा जामीनपात्र, आणि चाकूने दंडावर ओरखडा काढला तर अजामीनपात्र. पहिल्यांदा हे उलटंच वाटलं. वकीलसाहेब म्हणाले, "जखम किती झाली हे पुष्कळदा नशिबावर असतं. हत्यार हातात घेणं नशिबावर नसतं." मला ते पटलं. आजही पटतं.

११८(१) लागल्यावर आम्हाला वाटलं होतं, आता तिघांना उचलतील. तसं झालं नाही. ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही, पोलिस नोटीस देऊन चौकशीला बोलावू शकतात. नानांच्या मुलांना नोटीस मिळाली आणि संध्याकाळी ते पारावर बसलेले दिसले. आई त्या दिवशी जेवली नाही. कायद्यात बसणारी गोष्टसुद्धा जखमी माणसाच्या घरात किती जाळते, ते मी तेव्हा पाहिलं.

दादांच्या हाताचा एक्स-रे ग्रामीण रुग्णालयात होऊ शकला नाही, म्हणून पहिल्या प्रमाणपत्रात त्या जखमेपुढे 'अभिप्राय राखून' असं लिहिलेलं होतं. उपजिल्हा रुग्णालयात एक्स-रे निघाला आणि करंगळीच्या बाजूचं, अल्नाचं हाड मोडलेलं स्पष्ट दिसलं. कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार आहेत: डोळा जाणं, कान जाणं, एखादा अवयव किंवा सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं वगैरे. हाड किंवा दात मोडणं त्यातच येतं. शेवटचा प्रकार म्हणजे जिवाला धोका, किंवा १५ दिवस तीव्र वेदना वा रोजची कामं करता न येणं. जुन्या कायद्यात हेच २० दिवस होते. एक्स-रेची फिल्म मी हॉस्पिटलच्या नोंद क्रमांकासह जपली आणि तपास अधिकाऱ्यांना पोच घेऊन दिली. कोर्टात नुसतं 'फ्रॅक्चर' लिहिलेला कागद पुरत नाही, फिल्म आणि ती वाचणारा डॉक्टर दोन्ही लागतात, हे वकीलसाहेबांनी आधीच बजावलं होतं.

अंतिम प्रमाणपत्र आल्यावर पोलिसांनी कोर्टात कलमवाढीचा अहवाल दिला आणि ११७(२) व ११८(२) लागली. पारावरची बैठक त्या दिवशी मोडली. तिघांनीही सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला.

त्या सुनावणीला मी मागच्या बाकावर होते. समोरचे वकील हुशार. त्यांनी पहिला मुद्दा काढला तो हाच: फिर्यादी म्हणतो कुऱ्हाड, वैद्यकीय कागद म्हणतो बोथट वस्तू, म्हणजे फिर्याद खोटी. सरकारी वकिलांनी फिर्यादीतलं ते वाक्य मोठ्याने वाचलं, 'कुऱ्हाडीच्या तुंब्याने'. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि पुढे चला म्हणाले. तो मुद्दा तिथेच संपला. रुग्णालयात 'नुसतं कुऱ्हाड म्हणा' सांगणारे गृहस्थ माझ्या शेजारीच बसले होते.

मग दुसरा मुद्दा आला, आणि तो खरा अवघड होता. तुंब्याने मारलं म्हणजे कापण्याचं हत्यार वापरलंच नाही. आणि हाड मोडलं ते खोऱ्याच्या दांड्याने, म्हणजे लाकडाने. मग ११८(२) कुठून आणलं? फार तर ११७(२), तेही जामीनपात्र.

कलम ११८ मध्ये हत्याराची व्याख्या दोन पायांवर उभी आहे. गोळी मारण्याचं, भोसकण्याचं किंवा कापण्याचं साधन, हा एक. दुसरा, असं कोणतंही साधन जे हल्ल्यासाठी वापरलं तर मृत्यू येण्याची शक्यता असते. शिवाय आग, तापलेला पदार्थ, विष, ॲसिड, स्फोटक, इतकंच काय, प्राणीही त्यात येतो. अडतं ते दुसऱ्या पायापाशी. कोणती वस्तू 'धोकादायक' याची ठरीव यादी नाही. ती वस्तू केवढी, कशी, कुठे आणि किती जोराने वापरली, हे बघावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये केरळच्या मथाई खटल्यात दगडाच्या आकाराकडे बघून तो धोकादायक हत्यार ठरत नाही असं म्हटलं आणि ३२६ ची शिक्षा ३२५ वर, म्हणजे आजच्या ११७(२) वर, आणली. माणसाच्या दातांचंही तसंच. चावा घेतला म्हणून हत्याराचं कलम लावलेला एक गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२५ मध्ये रद्द केला. समोरचे वकील याच वाटेने चालले होते.

सरकारी वकिलांनी उत्तर दिलं ते मी विसरणार नाही. त्यांनी स्वतःचा डावा हात कपाळासमोर आडवा उचलला आणि म्हणाले, "माणूस डोकं वाचवायला हात असा धरतो, तेव्हा फटका करंगळीच्या बाजूच्या हाडावर बसतो. फिर्यादीचं मोडलेलं हाड नेमकं तेच आहे. हा दांडा हातावर मारलेला नव्हता, डोक्यावर मारलेला होता. हात मध्ये आला म्हणून माणूस वाचला." वेगाने डोक्याकडे आलेला जाड दांडा आणि डोक्यावर बसलेला लोखंडी तुंबा, या दोन्हींनी जीव जाऊ शकत नाही असं कोण म्हणेल, हा त्यांचा प्रश्न होता. शेजारी बसलेल्या माझ्या भावाने नकळत आपला हात तसाच वर धरून पाहिला.

आदेश तिघांसाठी तीन तऱ्हेचा आला. नानांच्या हातात काही नव्हतं, त्यांना अटकपूर्व जामीन मिळाला. धाकट्याचा दांडा घटनास्थळाच्या पंचनाम्यातच जप्त झालेला होता, त्यालाही ठाण्यात हजेरीच्या अटीवर मिळाला. दांडा हे धोकादायक हत्यार आहे की नाही हा पुराव्याचा प्रश्न खटल्यासाठी ठेवला गेला. थोरल्याचा अर्ज फेटाळला, कारण कुऱ्हाड अजून सापडलेली नव्हती आणि तिच्यासाठी त्याची कोठडीत चौकशी गरजेची होती. एकाच भांडणातल्या तिघांचं नशीब कोणाच्या हातात काय होतं, आणि ते कुठे आहे, यावर वेगवेगळं झालं.

अटकेनंतर त्याने कुऱ्हाड काढून दिली, गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीतून. दोन पंच, त्याने सांगितलं ते नोंदवणारा निवेदन पंचनामा, आणि आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढं बोलणं पुराव्यात घेणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे, त्यामुळे पोलिसांनी सगळं मोबाइलवर घेतलं. कुऱ्हाड धुतलेली होती. ती छत्रपती संभाजीनगरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेलीच, पण त्याआधी तपास अधिकाऱ्यांनी ती त्याच डॉक्टरांपुढे नेऊन लेखी विचारणा केली: ही जखम या हत्याराने होऊ शकते का? डॉक्टरांनी तुंब्याची लांबी-जाडी मोजून उत्तर दिलं, 'बोथट बाजूने शक्य'. हा कागद आमच्या फायलीतला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात वजनदार कागद आहे.

गावात आणखी एक तक्रार होती, आर्म्स ॲक्ट का नाही लावला. वाढदिवसाला तलवारीने केक कापणाऱ्या पोरांवर त्या कायद्याचं कलम ४/२५ लागतं, हे पेपरात वाचून सगळ्यांना पाठ. पण १९५९ च्या त्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतूनच निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. तलवार बाळगणं हाच गुन्हा होऊ शकतो. कुऱ्हाड, विळा, ऊसतोडीचा कोयता घरात असणं गुन्हा नाही, आणि शेतकऱ्याच्या घरात ते असणारच. राज्याचा म्हणून जो कायदा इथे लागला तो १९५१ चा महाराष्ट्र पोलिस कायदा, पूर्वीचा मुंबई पोलिस कायदा. त्याच्या कलम ३७(१) खाली जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्त ठराविक काळासाठी मनाई आदेश काढतात. सणासुदीच्या तोंडावर पेपरात छोटी बातमी येते ती हीच. त्या काळात तलवारी, भाले, सुरे, काठ्या, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला बंदी असते, मग ती शेतीची असली तरी. मोडली तर कलम १३५ खाली १ वर्षापर्यंत कैद, आणि न्यायालयाने कारण नोंदवलं नाही तर ४ महिन्यांच्या खाली नाही. पुण्यात कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांवरच्या बातम्यांत '३७(१) सह १३५' दिसतं ते यामुळे. आमच्या प्रकरणातही तो आदेश लागू होता, आणि आदेशाची प्रत दोषारोपपत्राला जोडलेली आहे का हे वकीलसाहेबांनी मुद्दाम तपासून घेतलं. प्रत नसेल तर हे कलम कोर्टात टिकत नाही.

१०९ काही लागलं नाही. तुंबा लावला, एकच घाव घातला, दुसरा घालायला कुणी अडवत नव्हतं तरी घातला नाही, यावरून खुनाचाच इरादा होता असं म्हणणं कठीण, असं तपास अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं. भाऊ नाराज झाला. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. न टिकणारं मोठं कलम लावून घेण्यापेक्षा टिकणारं कलम पुराव्यानिशी लागणं आम्हाला हवं होतं.

दोषारोपपत्र मुदतीत दाखल झालं. थोरला त्यानंतर नियमित जामिनावर सुटला. ११८(२) मधून वगळावं हा आरोपींचा अर्ज नामंजूर होऊन दोषारोप निश्चित झाला आहे.

मागच्या महिन्यात भावकीतली वडीलधारी मंडळी तडजोडीला घरी आली. चहा झाला. 'झालं गेलं, एकाच रक्ताचे आहात' वगैरे बोलणं झालं. मग मला विचारलं, "पोरी, केस मागं कशी घ्यायची?" मी त्यांना सांगितलं की साधी मारहाण आपसांत मिटवता येते, हत्याराशिवायची गंभीर दुखापतही न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येते, पण ११८(२) तडजोडीच्या यादीत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून मागावा लागतो, आणि तिथेही होईलच असं नाही. त्यावर एकजण हलकेच म्हणाले, "मग दादानं साक्षीत एवढंच म्हणावं, हत्यार नव्हतं, ढकलाढकलीत पडलो."

दादांचा डावा हात अजून पूर्ण वळत नाही, बैलाची वेसण उजव्याच हाताने धरतात. ते बराच वेळ ऐकत होते. म्हणाले, "बांधाचं म्हणाल तर मी आत्ता बसतो. सरकारी मोजणी आणू, अर्धी फी मी भरतो, खुणा निघतील तिथं दगड रोवू, माझ्याकडं फूटभर जास्त निघालं तर सोडून देतो. पण कोर्टात कुऱ्हाड दाखवून विचारलं, हीच का, तर मी हो म्हणणार."

मोजणीचा अर्ज आम्ही आणि नानांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात दिला आहे. दादांची साक्ष पुढच्या तारखेला आहे.